चटणीची जमीन

श्रीकर पुण्याला गेला नोकरीला
आणि काचेची पेटी मामाकडे ठेवून गेला.
आत वीत-दीड वीत दाढीवाला सरडा,
मूळ ऑस्ट्रेलियाचा म्हणे,
जन्म मात्र चेन्नईत, कुणाच्या तरी गच्चीवरचा.
सोबत नोंदणीचा कागद, चार घड्या घातलेला.
रंग शेंगाचटणीचा,
म्हणून नर असून नाव चटणी.

अनसूया दारातूनच ओरडली, ‘बल्ली!’
आम्ही घरात तेलुगूत घाबरतो,
बाजारात मराठीत.

एकतीस वर्षं टॉवेलच्या मागावर गेली माझी,
अंथरायला दुसरं काय सुचणार?
मऊ, नवा, दुहेरी टॉवेल घातला.
सकाळी बघतो तर पुढचा पाय वर ताणलेला,
नख फाशात.
ज्या फाशांवर आमची चूल पेटली
ते एकेक कात्रीने कापत बसलो,
तो डोळे मिटून, मी श्वास धरून.

नव्या पेठेतल्या दुकानात वाळू मिळते,
निळी, गुलाबी, पाकिटावर उंट.
‘खाल्ली तरी चालते, कॅल्शियमची आहे.’
डॉक्टर बिराजदारबाई म्हशींच्या,
सरडा त्यांनी पहिल्यांदाच हातात घेतलेला.
म्हणाल्या, ‘चालते म्हणतात ना, म्हणूनच तो खातो.
मग पोटात गिलावा.’

मग महिनाभर रद्दी.
निधनवार्तांवर बसून कोबी खायचा.
पोट साफ, नखं साबूत, तक्रार कसलीच नाही.
फक्त दुपारी
कोपऱ्यात जाऊन कागद खरवडायचा,
खर्र खर्र, खर्र खर्र,
खाली काहीतरी असलंच पाहिजे अशा खात्रीने.

ते ऐकवेना.

मेव्हण्याच्या द्राक्षबागेतली माती नको,
तिने इतकी औषधं प्यायलीत की तिलाच डॉक्टर लागेल.
नुसती काळी नको, ओली चिकटते, सुकली की भेगाळते.
शेवटी बोरामणीकडे सादिकच्या माळावर गेलो,
जिथे कुणी कधी काही पेरलं नाही, फवारलं नाही.
दोन पोती तांबूस माती, स्कूटरवर,
पोलिसाने विचारलं काय आहे,
म्हटलं, जमीन.

अनसूयेच्या चाळणीने चाळली (भांडण झालं).
वाळू धुतली, पुन्हा धुतली,
पाण्यात बोट दिसेपर्यंत.
मातीचे दोन वाटे, वाळूचा एक,
काळी मूठभर, सांधायला.
पाणी शिंपून मूठ वळायची:
उघडल्यावर लाडू टिकला पाहिजे,
बोट लावताच फुटला पाहिजे.
सातव्यांदा जमलं.
पेटीत थर दाबला विटेने, पेटी चढवली गच्चीवर.
मे महिन्यात सोलापुरात भट्टी लावावी लागत नाही.
चार दिवसांत टणक, टकटक वाजणारी.

दगड मातीवर ठेवायचा नाही, हे चुकता चुकता कळलं.
आधी काचेच्या तळावर बसवायचा, मग भोवती माती,
नाहीतर खणता खणता
अंगावरच येतो.

चटणीला सोडला.
जीभ टेकवली एकदा. दुसऱ्यांदा.
मग पुढचे दोन्ही पाय लागले कामाला,
न शिकवता, न थांबता,
पोटापुरती खळगी झाली आणि तो तिच्यात मावला.

त्याने त्याचं वाळवंट पाहिलेलं नाही.
मीही करीमनगर पाहिलेलं नाही,
आजोबा जिथून धोटा घेऊन निघाले ते.
चादरीत नक्षीच्या खाली जी असते
तिला आम्ही जमीनच म्हणत आलो,
बाकी कुठे होती?

पाल असता तर चुकचुकला असता.
हा नुसता बघतो. सरड्याची धाव कुंपणापर्यंत,
आणि इथलं कुंपण काचेचं, तेही मीच पुसतो.

काल तो सपाट दगड हलून तडकला.
अनसूयेने माळ्यावरचा फुटका पाटा काढला,
घासून, उन्हात वाळवून आणला.
‘ह्याच्यावर शेकेल तुमची बल्ली.’
अजून दारातूनच बोलते,
पण आता एक पाय उंबऱ्याच्या आत.